गाडीविराम

८ जानेवारी

आज वळण मला मिळालं!

सकाळी मोठ्या मॅडमनी आम्हा सगळ्यांना त्यांच्या खोलीत बोलावलं. त्या आमच्या ट्राम कंपनीच्या रूळ विभागाच्या प्रमुख. रागावल्या की चष्मा काढतात, आणि आज चष्मा आधीपासूनच टेबलावर होता. चौकातून ट्राम पुढच्या गल्लीत वळते तिथे ती इतकी किंचाळते, की नगरपालिकेकडे तक्रारींचा ढीग साचलाय. मार्चमध्ये नगरपालिकेची समिती स्वतः येऊन आवाज मोजणार. तोवर वळण शांत झालं नाही तर चौकापुढचे रूळ उखडायचे आणि ट्राम चौकातच संपवायची.

"त्या वळणाची कोणाला काही माहिती?" मॅडमनी विचारलं.

मी हात वर केला.

"काय माहिती आहे तुला?"

"मॅडम, आमचं घर तिथेच आहे. खाली दुकान, वर आम्ही. मी त्या आवाजातच मोठी झाले."

"तरीच एवढ्या मोठ्याने बोलते," मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. मॅडमनी चष्मा चढवला आणि काम माझ्या हवाली केलं.

माझं पहिलं स्वतंत्र काम. आणि नुसतं काम नाही. ट्राम चौकात संपली तर आमच्या गल्लीच्या थांब्यावर कोणी उतरणार नाही, आणि कोणी उतरलं नाही तर बाबांच्या दुकानात दाढीला बसणार कोण? पदवी घेतली तेव्हा मनाशी म्हटलं होतं, की शिक्षण लोकांच्या उपयोगी पडलं पाहिजे. लोक इतक्या जवळचे निघतील असं वाटलं नव्हतं.

९ जानेवारी

काल घरी सांगितलं त्याबद्दल लिहायचं राहिलंच.

मी दुकानात शिरले तेव्हा बाबांच्या हातात वस्तरा होता आणि खुर्चीत पोस्टमन काका. काका निवृत्त झालेत, तरी रोजची दाढी बाबांकडेच. बाबांनी ऐकलं आणि त्यांची छाती अशी फुगली की ॲप्रनचा बंद ताणला.

"ऐकलंत का? आपली पोरगी हे अख्खं वळण—"

तेवढ्यात गाडी आली. वस्तरा काकांच्या गालावरून उठला आणि हवेत थांबला. बाबांची ही पद्धतच आहे. गाडी वळण्याआधी जमीन थरथरते, ती त्यांच्या तळपायांना आधी कळते. वस्तरा आपोआप वर. गाडी किंचाळत निघून जाते, वस्तरा खाली येतो आणि वाक्य जिथे तुटलं तिथूनच पुढे सुरू.

"—दुरुस्त करणार आहे!"

आमच्याकडे सगळे असंच बोलतात. धाकटी बहीण शाळेत असताना तिने विरामचिन्हांच्या प्रश्नाला उत्तर लिहिलं होतं: स्वल्पविराम, अर्धविराम, गाडीविराम, पूर्णविराम. बाईंनी एक गुण कापला. घरात मात्र शब्द रुळला.

गाडीविरामात बाबा वस्तरा धरून उभे राहतात, धाकटी आरशात स्वतःला बघून घेते आणि आई पुटपुटते. आईचं शिलाई मशीन दुकानातल्याच पोटमाळ्यावर आहे. छत ठेंगणं, त्यामुळे ती कायम मान झुकवून बसते. गाडी वळायला लागली की तिचे ओठ हलतात. टाके मोजत असावी. गाडी गेली की बाबा वर बघून म्हणतात, "तर मग ठरलं," आणि ठरतं.

आई-बाबांचं एकदाही भांडण झालेलं मला आठवत नाही. मैत्रिणी आपापल्या घरच्या कहाण्या सांगतात तेव्हा मला आमच्या घराचा अभिमान वाटतो.

१५ जानेवारी

जेवताना सगळ्यांना रुळांचे प्रकार समजावले. घरात ज्ञान वाटलं पाहिजे, नाहीतर एकटीने शिकून काय उपयोग?

मी सांगितलं, आगगाडीचा रूळ चपट्या पायाचा असतो, तो खडीवर उघडा बसतो. ट्रामचा रूळ रस्त्यात पुरलेला, म्हणून त्याच्या डोक्याला खाच असते, चाकाची कड त्या खाचेतून जाते. आणि पूर्वी एक दुडोकी रूळ असायचा. वर डोकं, खालीही तसंच डोकं. कल्पना अशी, की वरचं झिजलं की रूळ उलटा करायचा आणि खालचं कोरं डोकं वर आणायचं.

"कॉलर उलटवून शिवतात तशी," आई म्हणाली. बाबांच्या शर्टांच्या कॉलरी तिनेच उलटवल्या आहेत.

"अगदी तस्सं! पण ते जमलं नाही. रूळ लोखंडाच्या बैठकीत बसवायचे, तिला खुर्ची म्हणतात. गाड्या वरून जात राहिल्या आणि खुर्चीत दाबून दाबून खालच्या डोक्यालाही खळगे पडले. उलटवून बघितलं तर ते कोरं नव्हतंच."

"वरच्याला वाटत असेल, आपणच एकटे झिजतोय," आई म्हणाली.

आई शिकली असती तर नक्की इंजिनिअर झाली असती. कुठलीही गोष्ट तिला एका झटक्यात कळते.

खुर्चीवरून बाबांना आठवलं. त्यांच्या डोक्यात दुकानात तिसरी खुर्ची घ्यायचं आहे. दाराजवळचा कोपरा रिकामाच आहे, मोठा आरसा लावू, लेक वळण शांत करतेय म्हटल्यावर गिऱ्हाईक वाढणारच. मग गाडी आली, गेली. "तर मग ठरलं," बाबा म्हणाले.

आईने त्यांच्या ताटात वाढलं. जरा जोरात, पण वाढलं.

२३ जानेवारी

आवाज मोजायचं यंत्र मिळालं. बिस्किटाच्या डब्याएवढं, त्यावर एक काटा. गाडी वळली की काटा उजवीकडे जाऊन आपटतो आणि तिथेच थरथरत राहतो.

कारण मला आता स्पष्ट आहे. ट्रामची दोन्ही चाकं एकाच आसाला घट्ट जोडलेली, म्हणजे दोघांनी सारखंच फिरायचं. पण वळणावर बाहेरच्या चाकाला वाट जास्त, आतल्याला कमी. मग एकाला घसटत जावंच लागतं. घसटतं, अडतं, घसटतं, अडतं. फरशीवरून जड टेबल ओढताना ते किंचाळतं, तोच प्रकार.

"म्हणजे एका आसाला बांधलेत म्हणून," धाकटी म्हणाली. "दोघांपैकी ओरडतं कोण?"

"बहुतेक वेळा आतलं."

पोटमाळ्यावरून आईचं हसू ऐकू आलं. आनंद वाटला. माझ्या विषयात घरात सगळ्यांना रस यायला लागलाय.

धाकटीने तर कमालच केली. दाराशी यंत्र घेऊन बसायचं कंटाळवाणं काम तिने स्वतःहून मागून घेतलं. एरवी ही मुलगी स्वतःचा कप विसळत नाही. तीन नंबरच्या गाडीच्या नोंदी तर एकही चुकवत नाही. त्या गाडीचा चालक, मफलरवाला, हाही फार कर्तव्यदक्ष माणूस आहे. परवा ड्यूटी संपल्यावर मुद्दाम विचारायला आला, मोजमापासाठी गाडी आणखी हळू नेऊ का. मला तसं काही नको होतं, पण असे लोक सार्वजनिक सेवेत आहेत हे बघून उमेद येते.

४ फेब्रुवारी

आज रूळ आले. भट्टीतून निघाल्यावर त्यांचं डोकं खास थंड करून कठीण केलेलं असतं, आणि वळणाचा बाक कारखान्यातूनच दिलेला. हात लावून बघितला. निळसर, गार, डोक्यावर एकही ओरखडा नाही. कोणी बघत नाही असं बघून मी त्याला "शाब्बास" म्हटलं.

मुकादम बघत होते. "अजून काही केलं नाही त्याने," ते म्हणाले.

माझी योजना अशी: झिजलेले रूळ काढायचे, नवे कठीण रूळ रबरी आवरणात बसवायचे म्हणजे थरथर जमिनीत उतरणार नाही, दोन रुळांमधलं अंतर वळणावर किंचित वाढवायचं, आणि कडेला एक वंगणाची डबी, जी गाडी आली की चाकाच्या कडेला थेंबभर वंगण चाटवेल. मुकादमांचं म्हणणं नुसत्या वंगणाने भागेल. मी गणितं दाखवली. त्यांनी ती नीट वाचली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "आकडे तर तुमच्या बाजूने बोलतायत. चला, खणू."

रात्री भीती वाटली, ते इथे लिहिते. गणित चुकलं तर? समिती येईल, काटा आपटेल, रूळ उखडले जातील, आणि भिंतीवरची माझी पदवी बघून लोक म्हणतील, हिनेच केलं. बाबांनी ती आरशासमोर लावली आहे. दाढीला बसणारा प्रत्येक जण ती आरशात उलटी वाचतो.

१८ फेब्रुवारी

गल्ली खोदलेली आहे. गाड्या चौकापर्यंतच. काम झपाट्याने चाललंय.

बाबांची गंमत. गाडी नाही, तरी वस्तरा मधेच वर जातो. सवय. गिऱ्हाईक फेस घेऊन बसलेलं, बाबा हात वर करून उभे, आणि सगळीकडे शांतता.

"काय झालं हो?" पोस्टमन काकांनी विचारलं.

"काही नाही," बाबा म्हणाले. "गाडीची वेळ झाली होती."

२१ फेब्रुवारी

झालं! झालं! झालं!

पहिली गाडी मफलरवाल्याने आणली. मी, मुकादम आणि मोठ्या मॅडम वळणावर उभे. गाडी चौकातून निघाली, वळली, गेली. नुसता रेशमी कापड ओढल्यासारखा आवाज. काटा जागचा हललाच नाही म्हटलं तरी चालेल. मुकादमांनी टोपी काढून परत घातली. मॅडमनी चष्मा काढला आणि पुसला. मला वाटतं, डोळे पुसायचे होते.

धाकटी दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती. तिला रुळांबद्दल इतकं वाटतं याची मला खरंच कल्पना नव्हती.

२२ फेब्रुवारी

आज जे घडलं ते कसं लिहू?

सकाळची वेळ. खुर्चीत पोस्टमन काका. बाबा तिसऱ्या खुर्चीबद्दल सांगत होते, उद्या सुतार येणार आहे, आरसा कुठे लावायचा. तेवढ्यात खिडकीच्या काचेतून गाडी वळताना दिसली. बाबा सवयीने थांबले. वस्तरा हवेत.

आणि वरून आईचा आवाज आला. स्वच्छ, खणखणीत.

"घ्या खुर्ची, आणि तिच्यात स्वतःच बसा! तो कोपरा माझ्या मशीनचा आहे. या माळ्यावर मान वाकवून वाकवून माझं प्रश्नचिन्ह झालंय. बायका शिडी बघून परत जातात. पण यांना आरसा हवा! आधीच काय कमी आरसे आहेत स्वतःला बघायला?"

गाडी न बोलता निघून गेली.

काकांच्या गालावरचा फेस सुकायला लागला होता. आईने खाली बघितलं आणि तिला कळलं. हात तोंडावर गेला.

"हे... हे तू कधीपासून म्हणतेयस?" बाबांनी विचारलं.

आईने हात तोंडावरून काढला. आता काढलाच तर काढला.

"लग्न होऊन आले तेव्हापासून."

"मला कधी सांगितलंस?"

"रोज. प्रत्येक गाडीला."

बाबांनी काकांची दाढी पूर्ण केली. काका जाताना मला कानात म्हणाले, "पोरी, तू रूळ बदललास की घर?"

२४ फेब्रुवारी

बाबा बोलत नाहीत. रागावलेत असंही वाटत नाही. नुसते बोलत नाहीत. दुकानात फक्त कात्रीचा आवाज. गिऱ्हाइकं आजारी माणसाकडे आल्यासारखी दबकत येतात. सुतार आला होता, त्याला बाबांनी नंतर ये म्हणून सांगितलं.

संध्याकाळी मला म्हणाले, "आई पुटपुटते हे तुला माहीत होतं?"

"हो. टाके मोजते ना?"

"मलाही तसंच वाटायचं," बाबा म्हणाले.

मी सारखी विचार करतेय. आमच्या घरात भांडण नव्हतं, मी वळण शांत केलं आणि भांडण आलं. म्हणजे दोष माझ्या कामाचाच नाही का? पुस्तकात वंगण, कंप, पोलाद सगळं होतं. हे नव्हतं.

२७ फेब्रुवारी

आज मोठं संकट टळलं.

पोस्टमन काका नेहमीसारखे वर्तमानपत्र वाचत रस्ता ओलांडत होते आणि गाडी त्यांच्या पाठीशी येऊन थांबली. अगदी पाठीशी. मफलरवाल्याने करकचून ब्रेक लावला म्हणून. काका वळले, गाडी बघितली आणि तिलाच झापलं, "यायचं तर सांगून यावं माणसाने!"

मग माझ्या लक्षात आलं. आमच्या गल्लीत रस्ता ओलांडताना कोणीच बघत नाही. कधीच बघितलेलं नाही. सगळे कानाने ओलांडतात. मीसुद्धा. मी इथेच वाढले, हे मला तरी सुचायला हवं होतं!

वंगणाची डबी बंद केली तर थोडा आवाज परत येईल. समितीच्या मर्यादेत बसेल एवढाच. लोक सावध होतील, आणि घरातही... खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहिते: लोकांपेक्षा मला घराचाच विचार जास्त आला. आईला जाऊन सांगितलं.

"आई, मी थोडा आवाज परत आणू शकते. म्हणजे पूर्वीसारखं होईल."

आईने मशीन थांबवलं. दोरा दातांनी तोडला.

"त्या डबीला हात लावून बघ फक्त."

"पण बाबा बोलत नाहीयेत."

"ऐकतायत," आई म्हणाली. "त्यांना वेळ लागणार. सवय नाही."

२ मार्च

मॅडमना काकांचं सगळं सांगितलं, माझी चूक धरून. त्यांनी चष्मा काढला नाही. म्हणाल्या, "मग उपाय सांग." मी सांगितला: वळणाआधी हलकी घंटा, दोनदा, आणि ओलांडायच्या जागी रस्त्यावर पिवळा जाड पट्टा. मान्य झालं. डबी सुरूच राहील.

नियमात घंटा दोनदा आहे. मफलरवाला आमच्या दुकानासमोर तिसऱ्यांदाही वाजवतो. सुरक्षिततेची इतकी काळजी! आणि योगायोग म्हणजे धाकटी नेमकी दारात असते, त्यामुळे ती साक्षीदार आहे.

आज घरी एक नवल झालं. चहा घेताना बाबा आईला म्हणाले, "आणखी काय काय म्हणालीस?"

"कशात?"

"गाड्यांमध्ये."

आईने त्यांच्याकडे बघितलं. मग कप खाली ठेवला. "बसा नीट. वेळ लागेल."

धाकटीने मला दंडाला धरून बाहेर काढलं. "चल, आपण पिवळा पट्टा बघून येऊ."

"आत्ता? तो वाळला पण नाही."

"तेच बघू, वाळतो कसा," ती म्हणाली.

पट्टा चांगला वाळला. परत आलो तेव्हा आई-बाबा दोघंही हसत होते. कशावरून ते कोणीच सांगितलं नाही. बाबांच्या शर्टाची कॉलर आईच्या हातात होती, उलटवायला घेतलेली.

१० मार्च

कोपरा आईला मिळाला. तिसरी खुर्ची रद्द.

पण याने शांतता झाली म्हणावं, तर नाही. आता रोज चर्चा. मशीनचं तोंड रस्त्याकडे की भिंतीकडे? दिवा कुठे? पडदा हवा का? बाबा एक म्हणतात, आई दोन म्हणते. आणि आमच्या घराला हळू बोलायची सवय नाही. समोरच्या बेकरीच्या मालकीणबाईंनी, ज्यांनी ट्रामविरुद्ध पहिली तक्रार केली होती, मला थांबवून विचारलं, "तुमच्या आई-बाबांसाठी तशी वंगणाची डबी मिळते का?"

परवा समिती. सकाळी उठून रुळाची खाच मी स्वतः झाडून आले. एक खडा निघाला. तो खिशात ठेवलाय.

१२ मार्च

समिती आली. पाच जण. अध्यक्षांच्या कानात कापसाचे बोळे. "मागच्या वेळचा अनुभव आहे," ते मॅडमना म्हणाले, एवढ्या मोठ्याने की मफलरवाल्याला चौकात ऐकू गेलं असेल.

यंत्र आमच्या दुकानासमोरच मांडलं, कारण तिथेच सगळ्यात जास्त आवाज असायचा. मुकादमांनी रस्त्यावरच्या सगळ्यांना हात जोडून गप्प केलं. बेकरीच्या मालकीणबाई हाताची घडी घालून उभ्या. पोस्टमन काका पिवळ्या पट्ट्यावर, दोन्ही बाजूंना बघत. मी यंत्राच्या मागे. खिशातला खडा मुठीत.

घंटा झाली, दोनदा. गाडी वळली. काटा डावीकडेच, अगदी खाली. मी श्वास सोडणार, तेवढ्यात काटा ताडकन उठला. अर्ध्यावर. त्याच्याही पुढे!

वंगण संपलं? रूळ सरकला? पण गाडी तर वळण संपवून सरळ झाली होती. गाडी पुढे गेली, आणि काटा तिथेच नाचत होता.

"हे काय?" अध्यक्ष म्हणाले. त्यांनी एका कानातला बोळा काढला. मग दुसऱ्या.

आणि मग सगळ्यांनाच ऐकू आलं.

"—दारात मशीन ठेवलंस तर गिऱ्हाईक आत येणार कसं?"

"चालत! पाय आहेत ना त्याला?"

"आणि उजेड? माझ्या खुर्चीवरचा उजेड अडतो त्याचं काय?"

"इतकी वर्षं माझा अडला, तेव्हा नाही दिसलं ते! मी अंधारात होते ना!"

अध्यक्षांनी यंत्राकडे बघितलं, दुकानाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हा आवाज कोणाचा?"

खोटं बोलणं शक्यच नव्हतं.

"आई-बाबांचा," मी म्हणाले.

मॅडमनी चष्मा काढला. मला वाटलं, संपलं. पण त्यांचे खांदे हलत होते. बेकरीच्या मालकीणबाई तोंडाला पदर... नव्हे, पिठाचा ॲप्रनच लावून हसत होत्या. अध्यक्ष मात्र गंभीर. त्यांनी खूण केली, गाडी परत बोलावली. मुकादम दुकानात जाऊन काही बोलले आणि आत एकदम सामसूम झाली. दुसऱ्यांदा घंटा, दुसऱ्यांदा वळण. काटा झोपलेलाच.

"लिहून घ्या," अध्यक्ष शेजारच्याला म्हणाले. "मार्ग चालू ठेवावा. वळणावर गाडीचा आवाज घरगुती संभाषणापेक्षा पुष्कळ कमी आहे."

मग कापसाचे बोळे खिशात टाकले, गालावरून हात फिरवला आणि मुकादमांना विचारलं, "इथे दाढी बरी करतात का?"

मी खडा फेकून देणार होते. नाही फेकला.

१९ मार्च

मशीन रस्त्याकडे तोंड करून बसलंय. उजेड बाबांच्या खुर्चीवरही येतो, कारण मी एक आरसा थोडा तिरका लावून दिला. (शिक्षणाचा उपयोग.) आई ताठ बसते. ती एवढी उंच आहे हे मला माहीतच नव्हतं. दारावरच्या पाटीवर "केशकर्तन" खाली "शिलाई" आलं, त्याच मापाच्या अक्षरांत. मापावरून दोन दिवस वाद झाला होता.

धाकटीला मी म्हटलं, आता यंत्र परत गेलं, तुला दाराशी बसायची गरज नाही. म्हणाली, घंटा नियमाप्रमाणे वाजते की नाही यावर लक्ष ठेवायला कोणीतरी हवं. मॅडमना सांगून तिला उन्हाळ्यात आमच्या विभागात शिकाऊ म्हणून घेता येईल का, ते विचारणार आहे.

आज सकाळी पोस्टमन काका खुर्चीत. बाबा गोष्ट सांगत होते, समितीचे अध्यक्ष आले तेव्हाची. रोज सांगतात, आणि त्यातला काटा रोज थोडा आणखी वर जातो. बाहेर घंटा झाली, दोनदा, मग तिसरी. गाडी सळसळत वळली आणि गेली. बाबांनी वस्तरा वर उचलला आणि तसाच धरला.

"अहो, गाडी केव्हाच गेली," काका फेसातून म्हणाले.

"गाडीसाठी नाही थांबलो," बाबा म्हणाले आणि कोपऱ्याकडे बघायला लागले.

आईने पाय थांबवला, सुई वर घेतली. "काटा अर्ध्यावर होता," ती म्हणाली. "टोकाला नव्हता. आणि रविवारी दुकान बंद ठेवायचं. आपण दोघं गाडीत बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन येऊ. इतकी वर्षं ती गाडी नुसती जाताना बघितली."

बाबांनी क्षणभर विचार केला.

"तर मग ठरलं," आई म्हणाली, आणि वस्तरा खाली आला.